वाइसशिवाय पत्रा

जयवंतरावांच्या कारखान्यातलं जुनं बिडाचं ड्रिल मशीन भंगारात निघालं, तेव्हा बाळगोंडा ते घरच्या वर्कशॉपसाठी मागायला गेला. त्याच मशीननं त्याची दोन बोटं नेली होती. पत्रा वाइसच्या लोखंडी पकडीत आवळण्यात वेळ जातो, म्हणून मालकांनी वाइसच काढून ठेवला होता.

मालक मिशीत हसले. "नेशील रे! आधी सगळ्यांसमोर बोल, चूक तुझीच होती. पत्रा नीट धरता येत नव्हता तुला."

"बोलतो की, मालक! फक्त नीट कसा धरायचा, ते एकदा दाखवा. हा घ्या पत्रा. मी बटण दाबतो."

मशीन घरघरलं. मालकांचे दोन्ही हात जे पाठीमागे गेले, ते मशीन टेम्पोत चढेपर्यंत पुढं आलेच नाहीत.

घरी बाळगोंडानं उरलेल्या बोटांनी आधी वाइस बसवला.