अठरावी सही

"आता आणखी काय लिहायचं राहिलं, अप्पा? तुम्हीच सांगा!"

विरूपाक्ष वकिलांनी कागदांचा गठ्ठा अप्पांच्या पुढ्यात जवळजवळ आपटलाच. गुरूपुढे असं करू नये, हे त्यांनाही कळत होतं. पण माणसाच्या सोसण्याला काही सीमा असते की नाही?

दोन वर्षं कोर्टातली कामं बाजूला सारून त्यांनी मठाची घटना लिहिली होती. एकेचाळीस कलमं! अप्पा थकले होते. त्यांच्या माघारी मठ कुणा एकाच्या लहरीवर चालू नये, अठरा शिष्यांच्या मंडळानं चालवावा, म्हणून हा सगळा खटाटोप. अप्पांची अट एकच होती. अठराच्या अठरा सह्या झाल्या, की मठाच्या किल्ल्या मंडळाच्या हवाली.

वकिलांची स्वतःची धरून सतरा झाल्या होत्या. उद्या नोंदणीची तारीख. वकिलांनी तर खुशीत आजची पंगतही सांगून ठेवली होती, गव्हाच्या खिरीची.

आणि अठरावा, गोठा सांभाळणारा इराप्पा, सकाळपासून खांबाला टेकून बसला होता. सही करणार नाही म्हणजे नाही.

"काय म्हणणं आहे त्याचं?" अप्पांनी विचारलं.

"मलाच इचारा की," इराप्पा बसल्या जागेवरून म्हणाला. "मी काय मुका हाय?"

"बोल."

"नववं कलम वाचा म्हणावं त्यास्नी."

वकिलांनी ते दात आवळून तोंडपाठ म्हणून दाखवलं. मंडळानं बहुमतानं केलेला ठराव मठातल्या प्रत्येकावर बंधनकारक राहील. न मानणाऱ्यास मठ सोडावा लागेल.

"चाळीस वर्सं मी गोठ्यात झोपतो, अप्पा. उद्या सगळ्यांनी मिळून ठरवलं, गोठा मोडा... मग मी कुठं जाऊ? एकट्या माणसाचं काय काय काढून घेता येणार नाही, तेवढं लिहा. मग करतो सही."

"अरे, पण कोण काढून घेतंय तुझं?" वकिलांचा आवाज चढला. "गोठा मोडायचा अधिकार मंडळाला दिलाय कुठे? दाखव एकेचाळीस कलमांत! जो अधिकार दिलाच नाही, तो वापरू नका असं कशाला लिहायचं? आणि लिहायचं तरी किती? झोपायचा हक्क, जांभई द्यायचा हक्क... यादी करायला बसलो तर जन्म सरेल!"

"झोपायचं तेवढं लिहा. जांभईचं ऱ्हाऊ द्या."

मागं कुणीतरी फिस्सकन हसलं. वकिलांच्या कपाळाची शीर तटतटली. हायकोर्टात भल्याभल्यांना गप्प केलेला माणूस, आणि इथे एका गुराख्यापुढे हात टेकायची वेळ आली होती.

"ऐकताय ना, अप्पा? अहो, ही माणसं काय दरोडेखोर आहेत? एका गुरूची लेकरं आम्ही. इराप्पावर जीव आहे सगळ्यांचा. जिथे माया आहे तिथे असली कलमं कशाला? एकमेकांवर संशय घेऊन लिहिलेली घटना मठाला शोभेल का?"

अप्पांनी कागदांचा गठ्ठा नीट करून बाजूला ठेवला.

"बोला ना काहीतरी!"

अप्पा स्वयंपाकघराकडे बघत उठले.

"अप्पा!"

"खीर निवेल," अप्पा म्हणाले. "आधी जेवून घ्या."

वकिलांनी कोपरापासून हात जोडले. त्यात भक्ती कमी आणि वैताग जास्त होता.

अठराही जण पानांवर बसले. मठाच्या पंगतीचे नियम जुने. जेवताना बोलायचं नाही, आणि पानात काही टाकायचं नाही. त्यामुळे नको असेल तर पानावर हात आडवा धरायचा. वाढणारा पुढे सरकतो. खीर मात्र अप्पा स्वतः वाढत.

पहिलं ओगराळं वकिलांनी गुरूच्या मानाखातर घेतलं. सहा महिन्यांपूर्वी डॉक्टरांनी त्यांचं गोड साफ बंद केलं होतं. रक्तातली साखर फार वाढली होती. मठात कुणाला हे ठाऊक नव्हतं. सांगायचं तरी कशाला? स्वतःच्या दुखण्याची दवंडी पिटणारा माणूस तो नव्हे.

दुसऱ्या फेरीला त्यांनी हात आडवा धरला.

अप्पांनी तो हलकेच बाजूला केला आणि खीर वाढली.

वकिलांनी चमकून वर पाहिलं. अप्पा पुढे गेले होते. पानात टाकायची सोय नाही... त्यांनी डोळे मिटून कशीबशी संपवली. घशाशी आली होती.

तिसऱ्या फेरीला त्यांनी दोन्ही हात पानावर पसरले.

अप्पांनी हातांवरच ओतली. कोमट खीर बोटांच्या फटींतून पानात गळायला लागली.

"अप्पा!" पंगतीचा नियम मोडला तो मोडलाच. "हात आडवा धरलाय मी! दिसत नाही का?"

अप्पा कंबर सरळ करून उभे राहिले. त्यांनी सगळ्या पंगतीवरून नजर फिरवली.

"विरूपाक्षला आणखी एक ओगराळं वाढावं का? ज्यांना वाटतं वाढावं, त्यांनी हात वर करा."

पंगतीला ऊतच आला. आग्रहाची गंमत कुणाला नको असते? उजवे हात उष्टे, म्हणून डावे भराभर वर गेले.

"वाढा, वाढा! दोन वर्षं राबलाय बिचारा!"

"आज नाही खायची तर कधी?"

"लाजताहेत हो वकीलसाहेब!"

कुणाच्याही मनात काही वाईट नव्हतं. सगळ्यांचे चेहरे कौतुकानं फुलले होते. त्याचाच वकिलांना जास्त संताप आला. आता काय, एवढ्या माणसांसमोर रक्ताचा रिपोर्ट वाचून दाखवायचा? का म्हणून?

इराप्पाचा हात तेवढा मांडीवरच होता. तो वकिलांच्या खिरीनं माखलेल्या बोटांकडे बघत होता.

"अहो, पण..." वकिलांनी पानावरचे हात आणखी घट्ट दाबले. "मला नकोय!"

अप्पांनी ओगराळं खिरीत बुडवलं. काठोकाठ भरून वर काढलं.

"सोळा जण हो म्हणाले, विरूपाक्ष," ते म्हणाले. "हात काढ."