हिरोजीनं धरलेलं पाणी

सोनखांबच्या चढावर, दोन पेठांच्या मधोमध, काळ्या दगडाचा उंच मनोरा उभा आहे. गावात त्याला उसासा म्हणतात. तळ्याचं पाणी खापरी नळातून येऊन या उसाशात चढतं आणि दोन वाटांनी उतरतं, एक वरच्या पेठेला, एक खालच्या. खालच्या वाटेवर, नळाच्या सांध्याशी ती शिळा दिसते ना, तिची हकिगत जुनी माणसं सांगतात ती अशी.

शहर तेव्हा वाढत होतं. वरच्या पेठेत व्यापाऱ्यांच्या हवेल्या उठल्या, बागा लागल्या. एका वैशाखात तळं तळाला गेलं आणि वरच्या पंचांनी हुकूम दिला, खालचा नळ तोडा. उसाशाचा राखणदार हिरोजी नाईक पहार घेऊन गेला. भिवा कुंभार नळावर आडवा झाला. नळ त्याच्याच चाकावर घडलेले.

"आधी माझ्यावर घाल," भिवा म्हणाला.

हिरोजीनं घातली. डोकं फुटलं, त्याच घावात नळही. भिवाची बायको पारू दारातून पाहत होती. त्या दिवसापासून हिरोजीच्या घशाखाली पाणी उतरेना म्हणे. तरी पहारा त्यानं सोडला नाही.

खालचे हौद कोरडे पडले. त्याच पाण्यावर भरणारा तटाबाहेरचा खंदकही आटला. वेशीचे पहारेकरी सगळे खालच्या पेठेतले. त्यातले निम्मे रोज घागरी घेऊन कोसभरावरच्या नदीला जाऊ लागले. असे ते गेले असताना एका दुपारी पेंढारी आले. कोरड्या खंदकातून घोडे थेट वेशीला भिडले. उरलेले पहारेकरी उभे कापले गेले. बाया, म्हातारे, दावणीची जनावरं, वाटेत आलं ते सुटलं नाही. घरांना पलिते लागले आणि वाऱ्यानं आग चढाकडे निघाली. मधे साऱ्या शहराच्या धान्याची वखार होती.

पंचांनी वरचा दरवाजा लावून घेतला. हिरोजीनं उसाशाचं तोंड खालच्या बाजूला मोकळं केलं, तलवार उपसली आणि तो एकटा खाली धावला. फुटक्या जागी पाणी भळाभळा मातीत जात होतं. आग पाहून आता तरी पाणी सुटेल म्हणून पारू तिथं नवा नळ आणि चुन्याची पाटी घेऊन आधीच बसली होती. त्यानं तलवार टाकली, नळ सांध्यात बसवला आणि छातीखाली दाबून धरला. ती चुना लिंपू लागली.

पहिला भाला त्याच्या पाठीत घुसला तसा तो कण्हला.

"हलू नकोस," पारू म्हणाली. "मरायचं तर पाणी हौदात गेल्यावर मर."

तो हलला नाही. आणखी भाले आले. चुन्यात रक्त कालवलं गेलं. पाणी हौदात पोचलं, नदीवरून परतलेल्या माणसांनी आग वखारीच्या भिंतीशी अडवली आणि मग हाताला येईल ते घेऊन पेंढाऱ्यांना वेशीबाहेर रेटलं. पारूनं हिरोजीला उताणं केलं, तेव्हा त्याचे डोळे उघडे होते, श्वास नव्हता.

पंच त्याची समाधी बांधायला निघाले. पारू आडवी आली. "इथं माझा नवराही सांडलाय," ती म्हणाली. शेवटी एकच शिळा बसली, नावाशिवाय.

आता घरोघरी नगरपालिकेचे नळ आहेत. पण आजही अक्षयतृतीयेला वरच्या पेठेतली माणसं खाली उतरून तो सांधा आपल्या हातांनी लिंपतात, आणि खालच्या शेवटच्या हौदात पाणी पडल्याची हाक येईपर्यंत वर चूल पेटत नाही. शिळेवर कुंभारांच्या सुना फुलं वाहतात ती भिवाच्या नावानं. हिरोजीच्या नावानं फूल नाही. त्याला नुसतं पाणी सोडतात.