राहिलेला शोकठराव

फार वर्षांपूर्वी एका तळ्याची राखण करणारी बिनपगारी समिती होती. एका नेहमीच्या सकाळी बगळा बातमी घेऊन आला, की समितीचे अध्यक्ष कासवदादा वारले. त्याच दुपारी सिंहापुढे सुनावणी होती; रानडुकरांना बांध फोडून तळे रिकामे करायचे होते.

टिटवी म्हणाली, "आधी शोकठराव, मग सभा तहकूब. आपली रीतच आहे."

"टिटवीताई, आज तहकूब केलीत तर पुढची सभा चिखलात भरवाल," खेकडा म्हणाला. "दादा असते तर पहाटेच निघाले असते. त्यांच्या चालीला तेवढा वेळ लागायचाच."

रडता रडता टिटवी हसली. तिघेही गेले आणि दादांनी लिहून ठेवलेली हरकत त्यांनी ठणकावून वाचली. सिंहाने डुकरांना परत पाठवले.

तळे आजही भरलेले आहे. शोकठराव लिहायचा राहिला आहे.