गिरजाक्कानं पिठात लिहिलं

फार वर्षांपूर्वी, आमच्या कवठ्याच्या नदीवर पूल नव्हता तेव्हा, गावात गिरजा नावाची पोर होती. तिचा धाकटा भाऊ सोपान पंतोजींकडे धुळाक्षरं गिरवायला जायचा. पोरींना तिथं बसू देत नसत. म्हणून सोपान घरी आला की जात्याभोवती सांडलेल्या पिठात बोटानं अक्षर काढायचा आणि म्हणायचा, "अक्का, बघ."

अक्का बघायची, मग स्वतः काढायची. हळूहळू तिच्या ओव्याच पिठात उतरू लागल्या. आई ओरडायची, "गिरजे, दळण कधीच सरलं! जात्याला चिकटलीस का?"

"आई, एवढी ओळ होऊ दे गं."

लिहिताना ती गालात हसायची. तिच्या बोटाखालचं पीठ उजळायचं, असं म्हणतात.

एका माघात सोपान तापानं गेला.

माणूस गेलं की आमच्याकडे त्या जागी पीठ पसरतात, वर टोपली पालथी घालतात, शेजारी दिवा ठेवतात. सकाळी बघतात, कुणाचं पाऊल उमटलं; ज्याचं पाऊल, त्या रूपात माणूस घरी येऊन गेलं. सोपानच्या पिठात काहीच उमटलं नाही. आई म्हणाली, "माझ्या लेकराला घर सापडलं नाही." तिनं अन्न सोडलं. पाणीसुद्धा घेईना.

संध्याकाळी गिरजानं पुन्हा पीठ पसरलं. भाऊ गेला आणि आता आईही चालली. तिनं बोटानं लिहिलं, "सोपान, ये." वर टोपली ठेवली.

सकाळी गाव जमलं. टोपली उचलली तर पिठात दोन ओळी. गावात वाचता कुणाला येत होतं? म्हातारा रामजी वाकून म्हणाला, "चिमणीची पावलं! पोरगं चिमणी झालं."

मागून पंतोजी आले. वरची ओळ त्यांनी वाचली. खालची वाचायला ते पिठाशी गुडघे टेकून बसले. खाली होतं, "अक्का, बघ."

"अक्षर सोपानचं आहे," ते म्हणाले.

त्याच पिठाची भाकरी केली, तेव्हा आई जेवली.

पुढं कुणी गेलं की गिरजाक्का त्या घरी जाऊन लिहायची. बाया सांगायच्या, आमचा असा बोलायचा, आमची अशी हाक मारायची. ती पिठात लिहायची आणि रडणारं घर घटकाभर हसायचं. ती लिहीत असेपर्यंत डब्यातलं पीठ संपत नसे, असं म्हणतात. ती गेली तेव्हा अंगणात चिमण्या मावेनात, असंही म्हणतात.

कवठ्यात अजून तसंच करतात. गेलेल्याचं रोजचं बोलणं घरातल्या धाकट्यानं पिठात लिहायचं, खाली जागा सोडायची. सकाळी त्या पिठाची भाकरी. अर्धी घरानं खायची, अर्धी चिमण्यांना.

यंदा आमचा दादा गेला. धाकटा मी. माझी शाळा तिसरीतच सुटली, अक्षर वेडंवाकडं. तरी लिहिलं, "जेवलास का रे?" लिहिताना वाटलं, दादा उंबऱ्यावर बसून चपला काढतोय. म्हणून शेवटचं अक्षर मी किती तरी वेळ गिरवत बसलो.

सकाळी टोपली उचलली. खालची जागा कोरीच होती. आईनं भाकरी थापली, मोडून माझ्या हातात दिली.

जेवलो रे, दादा.