गोठ्यातली वैरण

“…मग चांगलं खायला घातल्यावर ही बीजं पळायला हवीत की नकोत, बाबा?”

मठाच्या गोठ्यात फुलनाथबाबा गाईंना वैरण टाकत होते. त्यांनी कडवळाची पेंढी सोडली आणि गाईंपुढं टाकली.

विचारणारा रेवण होता. वडील गेल्यावर याच मठाच्या अन्नावर वाढलेला, बाबांनी मांडीवर बसवून अक्षरं गिरवून घेतलेला. आता तो गुरांचा मोठा डॉक्टर झाला होता. जातिवंत बैलांचं बीज गोठवून जपायचं, हे त्याचं काम. त्यात आपला हात कुणी धरणार नाही, असं तो स्वतःच सांगे.

गोठ्याच्या कोपऱ्यात हरण्या पडला होता. मठाचा वळू. रेवणच्या वडिलांच्या, आबांच्या मागं, त्यांच्या नावानं सोडलेला. सकाळी त्यानं मान टाकली होती.

त्या वाणाचा तो शेवटचा.

जनावर गेल्यावरही त्याच्या वीर्यातली बीजं थोडा वेळ जगतात. रेवणनं धावत येऊन ती काढली होती. काचेची एक नळी. हरण्याचं म्हणून आता तेवढंच उरलं होतं. ओट्यावर मायक्रोस्कोप मांडून तो दुपारपासून पुन्हा पुन्हा त्याला डोळा लावत होता.

“काय घातलंस खायला?” बाबांनी विचारलं.

“अमिनो आम्लं. आपण डाळ खातो, दूध पितो, त्यातलं प्रथिन ज्या बारीक कणांचं बनतं ना, ती. अंड्याच्या बलकात कालवून चिमूटभर दिली, आणि काय सांगू बाबा, माशाच्या पिलांसारखी पळाली! म्हणून आणखी दिली…”

“मग?”

“मंदावली. अजून दिली… तर निम्मी थांबलीच.”

बाबा दुसरी पेंढी सोडत होते.

“कारण मला ठाऊक आहे,” रेवण घाईनं म्हणाला. “नळीत मेलेलीही आहेत. मेलेल्यांतून एक द्रव्य सुटतं. ते त्या खाण्यातल्या काहींचं विष करतं. मी खाणं वाढवतो, तिकडं विष वाढतं. जिवंत असलेली त्यातच थांबतात.”

“हं…”

“मेलेली काढता येतात. पण त्यासाठी सगळं धुवावं लागतं, आणि धुताना जिवंतही जातात. मी एकही जाऊ देणार नाही, बाबा. एकही नाही! खाणंच असं जमवीन की…”

तो पुन्हा मायक्रोस्कोपवर वाकला.

बाहेर येताळ कुदळीवर टेकून उभा होता. वळू पुरायला आलेला गावचा माणूस. तो ओरडला, “डाक्टर, खड्डा कवाचा तयार हाय! का आता त्यात मीच निजू?”

“थांब म्हटलं ना जरा!”

मठाची रीत अशी, की ज्याच्या वडिलांच्या नावानं वळू सोडला, त्यानं पहिली मूठ मिठाची टाकायची. तोवर वळू जागचा हलत नाही. मिठाचं गाठोडं गोठ्याच्या दाराशी तसंच पडलं होतं.

बाबांनी दुसरी पेंढी टाकली. गाईंनी तोंड लावलं नाही. दावं ताणून त्या भिंतीला खेटल्या होत्या.

बाबांनी सरकीची ढेप भिजवून आणली. तीही पुढं सरकवली.

“बाबा, आधीचंच पडलंय सगळं.”

बाबा पुन्हा कडब्याच्या गंजीकडं गेले. वाकून, दमानं, आणखी एक पेंढी घेऊन आले.

“बाबा!” रेवण चिडला. “कितीही टाका, त्या खाणार नाहीत! मढं शेजारी ठेवल्यावर कशा खातील?”

…

बाबांच्या हातातली पेंढी तशीच राहिली.

दिवसभर रेवण त्याला हरण्याच म्हणत होता; ‘मढं’ हा शब्द त्याच्या तोंडून पहिल्यांदाच आला होता.

रेवण ओट्याच्या कडेला बसला. एक गाय हंबरली. उजेड उतरला होता. ओट्यावरची नळी आता नीट दिसत नव्हती.

“नळीतलं धुतलं, आणि काहीच उरलं नाही तर?” त्यानं हळूच विचारलं.

बाबा हरण्याजवळ गेले. त्याला वासरू असल्यापासून त्यांनीच वाढवलं होतं. त्यांनी वाकून त्याच्या कपाळावरची माशी हाकलली. ती परत बसली. पुन्हा हाकलली.

मग ते दाराशी गेले, गाठोडं सोडलं, मूठभर मीठ आणलं. रेवणच्या हातावर ठेवून त्याची बोटं एकेक करून मिटवली.

रेवण उठला. हरण्याजवळ गेला. मूठ काही उघडेना.

“हे टाकलं, की आबांचंही काही राहत नाही, बाबा…”

बाबांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. 

“टाक लेकरा… गाई सकाळपासून उपाशी आहेत.”