मंगळवारचं पाणी सोमवारी

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा राज्य कुणाचं होतं हे कुणाला आठवत नाही. पण त्या राज्यातल्या एका गावात हैबतीचा पानमळा होता, ते लोकांच्या ध्यानात राहिलं.

विड्याच्या पानांचा मळा म्हणजे सोवळ्याचं काम. बाहेर वहाणा काढायच्या, पाय धुवायचे, मगच आत शिरायचं. वेल फार नाजूक. त्याला पाणी थोडं लागतं, पण रोज लागतं. हैबतीच्या बापानं असाच मळा राखला आणि भरल्या वेलांनिशी पोराच्या हाती दिला. घराची चूल त्या पानांवरच पेटायची.

एकदा गावचे जोशीबुवा पानं न्यायला आले. हैबतीनं मळ्यावर आणून ठेवलेली आपली पत्रिका पुढं केली. बुवांनी उभ्या उभ्याच पाहिली.

"तुझे मंगळ आणि शनी समोरासमोर बसलेत रे. एक म्हणतो पळ, दुसरा म्हणतो थांब. कामाची ओढाताण होईल. जपून राहा, बाबा."

एवढं बोलून, पानं घेऊन बुवा चालते झाले. हैबती मात्र हातातलं काम टाकून निघाला.

घरी येऊन तो बायकोला म्हणाला, "सगुणा, मंगळवार मंगळाचा, शनिवार शनीचा. या दोन वारी मळ्यात पाऊल टाकायचं नाही. त्यांच्या नजरेलाच पडायला नको."

"आन् पाणी?"

"आदल्या दिवशी दुप्पट देतो की."

"मग मंगळवारच्या भाकरी बी सोमवारीच खाऊन टाका!"

"चेष्टा नको. ग्रहांचं काम आहे."

"मग मी जाते त्या दिवशी. माझा मंगळ कुणाशी भांडत न्हाई."

"घर एक, नजर एक. कुणीच जायचं नाही."

झालं. सोमवारी तांबडं फुटायच्या आत मोट सुरू व्हायची, ती दिवेलागणीपर्यंत. पाट तुडुंब वाहायचे. मंगळवारी हैबती उंबऱ्यावर बसून राहायचा. अंग घरात, जीव मळ्यात. असल्या बसण्याला विसावा कोण म्हणेल? बुधवारी तुंबलेलं काम अंगावर यायचं. वेल बांधायचे राहिलेले, पानं खुडायची राहिलेली. ते उरकतं न उरकतं तोच शुक्रवार यायचा, पुन्हा दुप्पट मोट. बैल जू टाकताच मटकन बसायचे. हैबतीला घास हातात धरूनच डुलकी लागायची. जागं केलं की बायकोवर खेकसायचा, आणि खेकसता खेकसताच पुन्हा पेंगायचा. तेवढीही ताकद राहिली नव्हती.

पानं पिवळी पडू लागली. हैबती म्हणाला, "बघ, लागली शनीची नजर!" आणि त्यानं अमावास्येलाही मळा बंद केला. त्याही दिवसाचं पाणी आदल्या दिवशी.

एका सकाळी त्यानं वेलाला हात लावला, तर वेल हातातच आला. बुडखा काळा, मुळं कुजलेली. दुसरा ओढला, तिसरा ओढला. सगळीकडे तेच. तो तिथंच चिखलात बसला.

सगुणानं जोशीबुवांना बोलावून आणलं. बुवा पाय धुऊन आत आले आणि घोट्यापर्यंत रुतले.

"बुवा, ग्रहांनी मळा खाल्ला," हैबती म्हणाला.

"हा चिखल कुणी केला, हैबती?"

"मीच. मंगळवारचं पाणी सोमवारी दिलं, शनिवारचं शुक्रवारी."

बुवांनी कपाळाला हात लावला. "अरे, ओढाताण होईल म्हणालो होतो. तू तर तिला वार बांधून दिलेस! एक दिवस पळालास, एक दिवस थांबलास. आणखी काय करायचं उरलं होतं ग्रहांना?" मग हळूच म्हणाले, "मीही बसून नीट सांगायला हवं होतं. पानं न्यायची घाई होती मला."

बापाचे वेल काही परत आले नाहीत. नवराबायको लोकांच्या शेतावर राबले. बांधाला चार वेल तगले होते, त्यांच्याच फांद्या त्यांनी लावल्या. पहिल्या मंगळवारी हैबतीनं वहाणा काढल्या, पाय धुतले आणि पाणी द्यायला आत शिरला. सगुणा नुसती शेजारी उभी राहिली. पानं खुडण्याजोगी व्हायला फार दिवस गेले.

मंगळ आणि शनी त्याच्या पत्रिकेत अजून तसेच समोरासमोर आहेत. हैबती दमतो, पण दमला की झोपतो.

ग्रह कसेही बसोत, रोजच्या कामाला रोजचाच हात लागतो.