उंदरिणीचं तिसरं बीळ

फार वर्षांपूर्वी, सकाळी बरोबर सात वाजून दहा मिनिटांनी, भुरी मांजरीने नेम केला की उंदरिणीने एकच फेरी, म्हणजे बिळांचा तोच क्रम, मग तो एका बिळाचा असो की अनेकांचा, लागोपाठ दोनदा केली तरच तिला खायचं. उंदरीण ज्या बिळातून निघे, त्याचं नाव भुरी कोळशाने भिंतीवर लिही. चूल, जातं, चूल.

बिळं दोनच होती. भुरी म्हणाली, "आता चुलीमागून आलीस तर चूल-चूल. जात्याखालून आलीस तर चूल-जातं, चूल-जातं. खातेच तुला, बाई!"

आत सहा पिल्लं भुकेने रडत होती. उंदरिणीने कणगीमागे तिसरं बीळ पाडलं.

तेव्हापासून ती रोज येते-जाते, पण कुठलीच फेरी लागोपाठ दोनदा होत नाही. भिंत भरली, भुरी आता स्वतःच्या शेपटीवर लिहिते.

जिच्या घरी दोनच बिळं आहेत, तिला एवढं सांगा हं.